क्लाउडवरच्या किल्ल्या कोणाच्या हाती?
नोकरांचे अधिकार आखून देणे ही मालकाचीच जबाबदारी

दुकानाच्या किल्ल्यांची वाटणी कशी करावी, हे आपल्या व्यापाऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. शटरची किल्ली नोकराकडे, गल्ल्याची मुनीमजींकडे आणि तिजोरीची मालकाच्या कमरेला, ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. टॅली आली तेव्हाही जाणत्या मंडळींनी हीच रीत चालवली. एंट्री करणाऱ्या मुलाला वेगळा पासवर्ड दिला, मागील तारखेची नोंद टाकण्याची त्याची मुभा काढून घेतली आणि सर्वाधिकार स्वतःकडे ठेवले.

परंतु आता धंद्याचा बराचसा कारभार क्लाउडवर गेला आहे. परदेशी गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार, मालाचे फोटो, दरपत्रके, कारागिरांच्या मजुरीचे हिशेब हे सारे इंटरनेटवरील भाड्याच्या जागेत ठेवले जाते. तेथील किल्ल्यांची वाटणी मात्र पुष्कळ ठिकाणी झालेलीच नाही. ज्याने खाते उघडून दिले, त्याने जशी ठेवली तशीच ती राहिली आहे. या लेखात याच किल्ल्यांचा विचार करावयाचा आहे.

ओळख तपासणारा दरवान

उदाहरणादाखल मायक्रोसॉफ्टची व्यवस्था घेऊ, कारण कंपनीच्या नावाचा ईमेल, वर्ड, एक्सेल व टीम्स यांसाठी अनेक लहानमोठे व्यावसायिक तीच वापरतात. तेथे कोण आत येणार आणि आत आल्यावर काय करू शकणार, हे ठरवणारी जी यंत्रणा आहे तिचे नाव एन्ट्रा आयडी. २०१३ मध्ये ती अझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी या नावाने बाजारात आली आणि जुलै २०२३ मध्ये तिचे नाव बदलण्यात आले. आपण मायक्रोसॉफ्टचा व्यावसायिक ईमेल घेतला, की ही यंत्रणा त्यासोबत येतेच. पुष्कळ मालकांना ती आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसते.

एक मोठी इमारत आहे असे समजा. तिच्यात प्रत्येक फर्मला एक गाळा मिळतो. या गाळ्याला तेथे टेनंट, म्हणजे भाडेकरू, असे म्हणतात. गाळ्याच्या दारावर एक दरवान असतो व त्याच्याजवळ एक वही असते. वहीत प्रत्येक माणसाचे नाव, त्याचे पद, तो कोणत्या गटात आहे आणि त्याला कोणकोणत्या खोल्यांत जाता येईल हे लिहिलेले असते. वहीत बदल करण्याचा संपूर्ण अधिकार ज्याला असतो, त्याला ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. बाकीचे सर्व साधे वापरकर्ते.

आता प्रश्न असा, की या साध्या वापरकर्त्याला मुळातच काय काय करता येते?

मूळची ढिलाई

बहुतेकांचा समज असा असतो, की साध्या नोकराला फक्त आपला ईमेल आणि आपली कागदपत्रे दिसत असतील. वस्तुस्थिती तशी नाही. आपण काहीच बदल केला नसेल, तर साधा वापरकर्तासुद्धा दरवानाची बरीचशी वही वाचू शकतो. फर्ममध्ये कोण कोण आहे, त्यांचे ईमेल पत्ते काय, कोणाचे पद काय, कोण कोणत्या गटात आहे, हे त्याला दिसते. तो बाहेरच्या माणसाला पाहुणा म्हणून आत बोलावू शकतो. इतकेच नव्हे, तर मूळ मांडणीत त्या पाहुण्यालाही दुसऱ्या पाहुण्याला बोलावण्याची मुभा असते. साधा वापरकर्ता नवे ॲप्लिकेशन नोंदवू शकतो, नवा गट तयार करू शकतो आणि स्वतःचा वेगळा गाळासुद्धा उघडू शकतो. त्या नव्या गाळ्याचा ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर तोच असतो आणि आपल्या गाळ्याचे नियम तेथे आपोआप लागू होत नाहीत.

ही मांडणी मोठ्या कंपन्यांच्या सोयीसाठी झाली आहे. शेकडो माणसे एकमेकांशी काम करतात, रोज नवे गट बनतात, प्रत्येक गोष्टीसाठी साहेबांकडे जाणे परवडत नाही. पण आठ-दहा माणसांच्या कापडाच्या पेढीला, चामड्याच्या कारखान्याला किंवा फर्निचरच्या वर्कशॉपला या सवलतींची गरज नसते. तेथे पॅकिंग करणाऱ्या मुलाने बाहेरच्या माणसाला कंपनीच्या दालनात बोलावण्याचा प्रसंगच येत नाही.

माणूस इमानदार, तरी किल्ली चोरीला

येथे काही जण म्हणतील, की आमची माणसे वर्षानुवर्षे आमच्याकडे आहेत, त्यांच्यावर संशय कशाला? संशयाचा हा प्रश्नच नाही. शटरची किल्ली नोकराच्या खिशातून पडली, तर सापडणारा चोर फक्त शटर उघडू शकतो. त्याच जुडग्यात तिजोरीची किल्ली असेल तर तिजोरीही जाते. यात नोकराचा दोष काहीच नसतो, पण बोट मात्र त्याच्याकडेच दाखवले जाते. अधिकार आखून दिलेले असतील, तर नुकसानही आखलेले राहते आणि गरीब माणसाच्या इभ्रतीवर नाहक डाग लागत नाही.

हा विचार नवीन नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणावर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच कमीत कमी अधिकार असावा, हे त्यातील एक प्रमुख तत्त्व होते. आपल्या बाजारपेठेत हेच तत्त्व निबंधाशिवाय पाळले जात होते.

किल्ली चोरण्याचे प्रकारही आता बदलले आहेत. पूर्वी चोर पासवर्ड मागत असे. आता तो परवानगी मागतो. ईमेलमधून एक दुवा येतो, त्यावर बोट ठेवले की अगदी खरे वाटणारे पान उघडते, कारण ते खरेच असते. त्यावर लिहिलेले असते, की अमुक ॲप्लिकेशनला आपला ईमेल वाचण्याची परवानगी हवी आहे, मान्य आहे का? घाईत असलेला माणूस होकार देतो. पासवर्ड कोणालाच दिलेला नसतो, ओटीपीही सांगितलेला नसतो, आणि तरीही परका माणूस त्याची टपाल वाचू लागतो. ३ मे २०१७ रोजी गूगल डॉक्सचे नाव लावलेल्या एका बनावट ॲप्लिकेशनने असेच केले. होकार देणाऱ्याच्या ओळखीच्या सर्वांना तोच ईमेल आपोआप जाऊ लागला आणि गूगलला ते ॲप्लिकेशन तातडीने बंद करावे लागले.

या प्रकारात एक गोम आहे. असा होकार दिला गेला असेल, तर नुसता पासवर्ड बदलून इलाज होत नाही. दिलेली परवानगी वेगळी शोधून काढावी व रद्द करावी लागते. म्हणून होकार देण्याचा अधिकारच आधी आखून ठेवणे शहाणपणाचे.

हे फक्त लहानांच्या बाबतीत घडते असेही नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस खुद्द मायक्रोसॉफ्टच्या घरात चोर शिरले. चाचणीसाठी उघडलेला एक जुना गाळा होता. त्यातील एका खात्याचा पासवर्ड सोपा होता आणि त्याला दुहेरी पडताळणी नव्हती. त्याच गाळ्यात एक जुने चाचणीचे ॲप्लिकेशन विसरून राहिले होते व त्याला मुख्य कंपनीच्या दालनात मोठे अधिकार होते. चोरांनी त्या ॲप्लिकेशनच्या आधाराने वरिष्ठ अधिकाऱ्यांसह काही कर्मचाऱ्यांचे ईमेल वाचले. १२ जानेवारी २०२४ रोजी हे कंपनीच्या लक्षात आले. विसरलेले खाते आणि गरजेपेक्षा जास्त अधिकार, एवढ्या दोन गोष्टींनी जगातील एका बलाढ्य कंपनीची ही गत केली.

व्यापाऱ्याचे नुकसान कोठे होते?

निर्यात करणाऱ्या फर्मचे उदाहरण घ्या. चोर हिशेबाच्या माणसाचा ईमेल गुपचूप वाचत बसतो. वहीतून त्याला मालक कोण, माल पाठवणारा कोण, बिल कोण काढतो हे कळते. परदेशी गिऱ्हाइकाचे पैसे यायची वेळ झाली, की तो फर्मच्याच ईमेलवरून लिहितो की आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम या नव्या खात्यात भरावी. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, लिहिण्याची ढबही ओळखीची. गिऱ्हाईक पैसे भरते आणि माल पाठवणारा वाट पाहत राहतो. पुढे दोघांत वाद होतो आणि वर्षांची ओळख एका ईमेलने तुटते.

अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२४ या एका वर्षात अशा व्यापारी ईमेल फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतील नुकसान सुमारे २७७ कोटी डॉलर होते. लहान फर्मला असा एक फटकाही उठू देत नाही.

काय काय बंद करावे?

पुढील बदल करण्यास वेगळे पैसे लागत नाहीत. एन्ट्राच्या मोफत प्रकारातही ते करता येतात. ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्याने एन्ट्रा ॲडमिन सेंटरमध्ये जावे आणि एकेक करून पाहावे.

१) ॲप्लिकेशन नोंदवणे : ‘यूजर सेटिंग्ज’ या भागात साध्या वापरकर्त्यांना ॲप्लिकेशन नोंदवता यावे का, असा प्रश्न असतो. तेथे ‘नाही’ करावे. ज्याला खरोखर गरज आहे, त्याला ‘ॲप्लिकेशन डेव्हलपर’ ही भूमिका द्यावी. आधी नोंदवलेली ॲप्लिकेशन्स या बदलाने जात नाहीत, म्हणून जुनी यादीही डोळ्यांखालून घालावी.

२) नवा गाळा उघडणे : साध्या वापरकर्त्यांना नवा टेनंट उघडण्यास मनाई करावी. ही सेटिंग ‘मनाई करावी का’ अशा उलट भाषेत आहे, म्हणून येथे ‘होय’ करावे लागते. घाईत चूक होते, नीट वाचून बटण दाबावे.

३) गट तयार करणे : गटांच्या सेटिंगमध्ये साध्या वापरकर्त्यांना सुरक्षा गट तयार करण्याची असलेली मुभा काढावी. लहान फर्ममध्ये गट मालकाने किंवा जबाबदार माणसानेच बनवावेत.

४) पाहुण्यांना बोलावणे : ज्यांना खास भूमिका दिली आहे त्यांनाच पाहुणे बोलावता येतील, असा पर्याय निवडावा. निर्यातीचे काम पाहणाऱ्याला गरज असेल, तर त्याला ‘गेस्ट इन्व्हायटर’ ही छोटी भूमिका देता येते. त्यासाठी त्याला मोठा ॲडमिन करण्याचे कारण नाही.

५) पाहुण्याला काय दिसावे : यासाठी तीन पायऱ्या आहेत. सर्वांत कडक पायरीवर पाहुण्याला वहीतील फक्त स्वतःची माहिती दिसते. ऑडिटर, डिझायनर किंवा शिपिंग एजंट पाहुणे म्हणून येत असतील, तर हीच पायरी ठेवावी.

६) परवानगीचा होकार : ॲप्लिकेशनला होकार देण्याचा साध्या वापरकर्त्यांचा अधिकार पूर्ण बंद करावा, किंवा पडताळणी झालेल्या प्रकाशकांच्या ॲप्लिकेशनपुरता आणि किरकोळ परवानग्यांपुरता ठेवावा. सोबत ‘ॲडमिनची संमती मागण्याची’ सोय चालू करावी. मग नोकराला ॲप्लिकेशन हवे असल्यास त्याचा अर्ज आपल्याकडे येतो व आपण पाहून होकार देतो. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बाबतीत आपले मूळ धोरण कडक केले आहे, तरी जुन्या खात्यांत काय लावले आहे हे स्वतः पाहून घ्यावे.

गूगलची व्यवस्था वापरणाऱ्यांनीही स्वस्थ बसू नये. तेथे सेटिंगची नावे वेगळी आहेत, पण बाहेरच्या ॲप्लिकेशनला काय वाचता यावे आणि कागदपत्रे बाहेर कोणाला दाखवता यावीत, हे ॲडमिनला तेथेही ठरवता येते.

पडद्याला भिंत समजू नका

याच पानावर आणखी एक सेटिंग आहे. साध्या वापरकर्त्यांना एन्ट्रा ॲडमिन सेंटर उघडू न देण्याची. ती लावण्यास हरकत नाही, पण ती लावली म्हणजे सारे सुरक्षित झाले असे मानणे धोक्याचे आहे. ती दाराला लावलेला पडदा आहे. जाणकार माणूस पॉवरशेल किंवा ग्राफ नावाच्या मार्गाने तीच माहिती वाचू शकतो. मायक्रोसॉफ्टनेही हे सुरक्षेचे साधन समजू नये असे स्पष्ट सांगितले आहे.

तसेच काही जण उत्साहाच्या भरात वही वाचण्याची मुभाच संपूर्ण बंद करू पाहतात. तशी सोय आहे, पण कंपनी तिचा सल्ला देत नाही, कारण सहकाऱ्यांची नावे शोधण्यावर इतर अनेक सेवा अवलंबून असतात. कुलूप इतकेही कडक नसावे की आपल्याच माणसाचे काम अडावे. काम अडले, की माणसे आपल्या खासगी ईमेलवरून आणि मोबाईलवरून कागद पाठवू लागतात आणि मग कुलपाचा उपयोगच उरत नाही.

मालकाची आणि संगणकवाल्याची किल्ली

नोकरांचे अधिकार कमी करताना मालकाने स्वतःकडेही पाहावे. पुष्कळ फर्ममध्ये मालक ज्या खात्याने रोजचा ईमेल वाचतात, तेच ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर असते. म्हणजे तिजोरीची किल्ली गळ्यात अडकवून भर बाजारात फिरण्यासारखे झाले. रोजच्या ईमेलसाठी साधे खाते ठेवावे आणि ॲडमिनचे खाते वेगळे, फक्त त्या कामापुरते वापरावे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. खाते उघडून देणारा संगणकवाला कित्येकदा म्हणतो, “शेठ, सगळ्यांनाच ॲडमिन करून टाकू, रोजची कटकट नको.” त्याची सोय होते, धोका आपल्या पदरात पडतो. कधी तर असे असते, की एकमेव ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर हा संगणकवालाच असतो. उद्या त्याच्याशी बिनसले किंवा तो शहर सोडून गेला, तर आपल्याच गाळ्यात शिरण्यासाठी मालकी सिद्ध करण्याची लांबलचक खटपट आपल्याला करावी लागते. म्हणून ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते मालकाच्या ताब्यात असलेच पाहिजे. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, तेही फर्मच्याच नावावर असावे.

मायक्रोसॉफ्टची शिफारस अशी आहे, की ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर पाचांपेक्षा कमी असावेत आणि अडीनडीला वापरण्यासाठी दोन राखीव खाती असावीत. बाकीच्यांना कामापुरती भूमिका द्यावी. पासवर्ड बदलून देणाऱ्याला ‘हेल्पडेस्क’, बिले भरणाऱ्याला ‘बिलिंग’, नवी खाती उघडणाऱ्याला ‘यूजर ॲडमिनिस्ट्रेटर’. संगणकवाला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत भागीदार असेल, तर त्याला ठरावीक भूमिका आणि जास्तीत जास्त दोन वर्षांच्या मुदतीचा अधिकार देण्याची पद्धत आहे. तीच वापरावी. पासवर्ड हातात देऊ नये.

दुहेरी पडताळणी सर्वांना लावावी. ॲडमिन सेंटर उघडणाऱ्यांना तर ती ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे. मोफत प्रकारात ‘सिक्युरिटी डिफॉल्ट्स’ चालू केले, की ती सर्वांना लागू होते.

नोकरी सोडणाऱ्याचे खाते

माणूस काम सोडून गेला, की हिशेब चुकता होतो, चहापाणी होते आणि खाते मात्र तसेच चालू राहते. त्याच दिवशी तीन कामे करावीत. त्याचे साइन-इन बंद करावे, चालू असलेली सर्व सत्रे रद्द करावीत आणि त्याच्याकडे असलेल्या भूमिका व गट काढून घ्यावेत. त्याच्या ईमेलवर गिऱ्हाइकांची पत्रे येत असतील, तर ती पेटी सामायिक पेटीत बदलता येते. ५० जीबीपर्यंत तिला वेगळे शुल्क पडत नाही. चुकून खाते पुसले गेले, तर ३० दिवसांच्या आत ते परत मिळवता येते.

नोंदींवरही लक्ष असू द्यावे. कोण कोठून आत आले याची नोंद मोफत प्रकारात केवळ ७ दिवस राहते. फसवणूक महिन्याने उघडकीस आली, तर मागचे पान शिल्लक नसते. आठवड्यातून एकदा ही नोंद डोळ्यांखालून घालण्याची सवय ठेवावी.

कायद्याची बाजू

आता ही केवळ सोयीची गोष्ट राहिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार लोकांची माहिती बाळगणाऱ्याने ती सांभाळण्यासाठी वाजवी उपाय करणे बंधनकारक आहे. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. गिऱ्हाइकाचा पत्ता, कारागिराचा बँक खाते क्रमांक, कामगाराच्या आधारची प्रत ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, हे बाजारातील प्रत्येक जण जाणतो. कायद्याने आता त्यावर शिक्का मारला.

आणि एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढे सरकण्याआधी रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

वरील कामे एका दुपारी होण्यासारखी आहेत. आपल्या माणसांना मात्र आधी समोर बसवून सांगावे, की हे कुलूप तुमच्यावरच्या अविश्वासाने लावलेले नाही, तुमच्या नावाने दुसऱ्या कोणी दार उघडू नये म्हणून लावले आहे. मग संगणकवाल्याला बोलवावे, स्वतः शेजारी खुर्ची घेऊन बसावे आणि पहिला प्रश्न हा विचारावा, की आमच्या खात्यात आज ग्लोबल ॲडमिनिस्ट्रेटर किती आहेत व त्यांची नावे काय?